गूळ, चार वेळा

२० नोव्हें. ७२, सोमवार. शेवगाव
सकाळच्या एस.टी.ने आलो. धर्मशाळेतली मागच्या वेळचीच खोली. भाड्याची सायकल घेतली, तिची घंटी सोडून बाकी सगळं वाजतं. काम तेच, कुटुंबखर्चाची पाहणी. या वेळी तक्त्याला दोन पानं जास्त: आजारपणाचा खर्च, प्रकारवार. गाव चार मैलांवर. घरं सोळा. गावाचं नाव, माणसांची नावं बाहेर कुठे फोडायची नाहीत हा नियम. मी या वहीतसुद्धा पाळतो. घर १, घर २. बावीस वर्षांची सवय.

ही जाऊन तीन महिने झाले. हापिसात विचारतात, कसं चाललंय. ठीक चाललंय. जेवतो, झोपतो, दाढी करतो. आत काही हलत नाही.

२१ नोव्हें., मंगळ.
दिवसा गावात कोणी नाही. सगळे दुष्काळी कामाच्या खडीवर. संध्याकाळी पाचनंतर घरं धरायची. १ ते ४ झाली.

घर ३ चा म्हातारा. विचारलं, गेल्या तीस दिवसांत दवाखान्याला किती? "साडेआठ रुपये," फटकन. बरं वाटलं, नाहीतर उत्तर ओढून काढावं लागतं. लिहून झाल्यावर कळलं की बैलाचे. घोडेगावच्या बाजारात विकायला काढायचा होता, पाय सुजला. खोडलं, 'शेती'त टाकलं.
"अन् माणसांच्या औषधाला?"
"मान्सं धडधाकट हायती."
सून आत खोकत होती. ते लिहायला रकाना नाही.

२३ नोव्हें., गुरु.
घर ५. बापाच्या पोटात दुखत होतं. बैलगाडीने शेवगाव, शेवगावहून एस.टी.ने नगर: 'प्रवास'. त्याला दूध, अंडी: 'अन्न'. देवाला नारळ, कोंबडं: 'धार्मिक'. मुलगा दहा दिवस कामाला गेला नाही: कशातच नाही. औषधाच्या रकान्यात राहिले चार रुपये. बाप गेला. सरणाची लाकडं 'समारंभ' या सदरात घालायची, तशी लेखी सूचनाच आहे.

हे सगळं मी बरोबर भरतो. माझा तक्ता सहसा परत येत नाही. आज भरताना एवढंच वाटलं की माणूस मेला तो चार रुपयांत मेला असं दिसतंय.

२४ नोव्हें., शुक्र.
घर ७. नवरा-बायको, दोन मुली. नवरा खडीवर मुकादमाच्या हाताखाली, बायको खडी फोडते. माणूस सरळ. मला बसायला घोंगडी टाकली आणि आधीच सांगून ठेवलं, "लिवलेलं समदं वाचून दावायचं बरं का. मागं एकानं न वाचता अंगठं घेतलं, अन् आमचं धान्य भलत्याच गावाला गेलं." गावाने ठरवलंच आहे तसं. अंगठा असो नसो, कागद वाचल्याशिवाय गावाबाहेर जात नाही. गेले चार दिवस घसा बसेपर्यंत वाचतोय.

खर्चाचं बाई सांगत होती. ज्वारी, मीठ, रॉकेल. गूळ? "घेतला चारदा. अर्धा अर्धा किलो." औषध? तिने नवऱ्याकडे पाहिलं. "काय न्हाई." नवरा म्हणाला, "हिला कसलं औशध, हत्तीवानी हाय." ती हसली. वाळलेली काडी आहे नुसती.

चहा दिला. कोरा आणि अगोड, अगदी काढ्यासारखा. मुली कपाकडे बघत होत्या. प्यालो. सगळं वाचून दाखवलं. 'गूळ, दोन किलो' आलं तेव्हा नवऱ्याने मान डोलावली.

२५ नोव्हें., शनि. नगर
घरी. कुलूप उघडायची अजून सवय नाही, किल्ली उलटीच लावतो.

ज्वारी संपली. एका माणसाला महिन्याला किती लागते ते मला माहीत नाही. हजारो घरांचं माहीत आहे. म्हणून हिची घरखर्चाची वही काढली, दोघांची ज्वारी बघून निम्मी करावी म्हणून. वही हिच्या हातची, दर महिन्याच्या शेवटी माझ्या तांबड्या पेन्सिलीच्या खुणा. दौऱ्यावरून आलो की मी वही तपासायचो. 'किरकोळ' हे सदर आमच्याकडे बंद होतं. किरकोळ म्हणजे आळशी माणसाचं खातं, असं मी हिला लग्नानंतर पहिल्याच महिन्यात सुनावलं होतं. हसली होती तेव्हा.

ज्वारी सापडली. साबुदाणाही सापडला. फेब्रुवारीत चार वेळा. जानेवारीत तीन वेळा. डिसेंबरात चार. दोन माणसांचं घर, उपास चतुर्थी आणि एकादशीचे, आणि हिला तर साबुदाणा पचायचा नाही. भगर खायची.

दर वेळी मी खूण केली आहे. बरोबर, बरोबर, बरोबर.

२६ नोव्हें., रवि.
कोपऱ्यावरच्या शेटजींकडे ज्वारीला गेलो. सहज विचारतो असं दाखवून साबुदाण्याचं काढलं. "साहेब, गेल्या शिवरात्रीला साबुदाणा नाही म्हणून लोकांनी शिव्या घातल्या मला. वहिनी कुठून नेणार? त्या तर महिनोन् महिने ज्वारी, मीठ-मिरचीच न्यायच्या." आणि ज्वारी एक किलो जास्त घातली, न सांगता.

मग पैसे गेले कुठे? हिशेब लागत नाही. दुसऱ्याच्या घराचा असता तर मी एव्हाना लावला असता.

२ डिसें., शनि. नगर
आठवडाभर घरं ८ ते १४. आज हापिसात तक्ते दिले, मागच्या आठवड्यातले तपासून आलेले घेतले. एक परत आला आहे. घर ७. साहेबांनी हिरव्या शाईने लिहिलंय: 'गुळाचं प्रमाण उत्पन्नाशी विसंगत. प्रत्यक्ष खात्री करावी.' साहेब तोंडानेही म्हणाले, "तुमच्या हातून असं होत नाही कधी. रजा हवी का?" नको म्हणालो. रजेत काय करू?

खुर्चीवर बसून तक्ता पाहत होतो. अर्धा किलो, चार वेळा. साबुदाणाही चार वेळा. आणि चहा अगोड.

मला कळलं तेव्हा हातपाय गार वगैरे काही झाले नाहीत. टाचणी लावून तक्ता पिशवीत ठेवला.

३ डिसें., रवि.
सकाळी शेजारी मुलाणींच्या भाभींना हाक मारली. ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. विचारलं, "भाभी, ही कुठे जायची का औषधाला? मागल्या वर्षी?" त्यांनी सूप खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "त्यांनी शपथ घातली होती, भाऊ. पण आता कुणासाठी पाळू?"

दर मंगळवारी. मागच्या गल्लीतल्या नर्सबाईकडे. सुई आणि गोळ्या. बायकांचं दुखणं, अंगावरून जायचं. भाभी सोबत जायच्या. नर्सबाईने दोनदा सांगितलं, मोठ्या दवाखान्यात दाखवा. "म्हणायच्या, ह्यांची चैत्रात बढतीची परीक्षा आहे, ती होऊ दे."

बढती मिळाली नाही, ती गोष्ट वेगळी.

गुढीपाडव्यानंतर ही पडली तेव्हा मी विचारलं होतं, कधीपासून होतंय? "पंधरा दिवस झाले," म्हणाली. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या होत्या, सहा महिने आधी आणलं असतं तर बघता आलं असतं. मी त्यांना ठासून सांगितलं होतं, पंधराच दिवस झालेत, माझ्याकडे तारीख आहे.

३ डिसें., दुपार
वही पुन्हा पहिल्यापासून चाळली. साबुदाण्याची सुरुवात कुठे, ते पाहायला.

१० ऑगस्ट ७१. हिच्या अक्षरात: 'औषध, १ रु. ५० पै.' पुढे माझी तांबडी पेन्सिल: 'कोणाचं? कशाचं?' दोन प्रश्नचिन्हं, दुसरं जरा मोठं. खाली उत्तर नाही. मी विचारून पुढच्या दौऱ्याला निघून गेलो असणार. पाथर्डीकडे होतो बहुतेक. तिथे घरोघर हेच विचारत होतो, औषधाला किती, औषधाला किती.

त्यानंतर वहीत 'औषध' हा शब्द नाही. पुढच्या मंगळवारी पहिला साबुदाणा. किंमत, एक रुपया पन्नास पैसे.

मला रडू येत नाही. याची लाज वाटते. मी दुष्ट नव्हतो, फक्त रकाने बरोबर पाहिजे होते मला. आणि मीच तिला दुसऱ्या रकान्यात घातलं.

५ डिसें., मंगळ. शेवगाव
घर १५, १६. घर ७ च्या वाटेने गेलो नाही. ओढ्याकडून लांबच्या रस्त्याने सायकल हाणली.

८ डिसें., शुक्र.
सोळाही घरं झाली, आता फेरतपासणी. घर ७ ला आजही गेलो नाही. तक्ता पिशवीत. टाचणी गंजते आहे. साहेबांना 'खात्री केली, बरोबर आहे' असं लिहून द्यायला दोन मिनिटं लागतील. तसं लिहिलंही. फाडलं.

१४ डिसें., गुरु.
गेलो. बाई एकटीच होती, खडीवर गेली नव्हती. नवरा मजुरीचा हप्ता आणायला गेलेला, मुली पाण्याला. दाराबाहेर, सगळ्यांना दिसेल असा बसलो. ती आत उंबऱ्याशी.

म्हणालो, वरून विचारलंय, गूळ खरंच एवढा घेतला का?
"गूळच लिवा ना साहेब. गूळच हाय."
"चहात नव्हता."
तिने पदर पुढे ओढला.

मग मला जे बोलायचं नव्हतं तेच बोललो. "आमच्या घरात साबुदाणा होता." तिला आधी कळलं नाही. सांगितलं. वही, मंगळवार, नर्सबाई. बावीस वर्षांत पहिल्यांदा मी बोलत होतो आणि समोरचं माणूस ऐकत होतं.

तिने सगळं ऐकून एकच विचारलं, "मग? बरं वाटलं का त्यास्नी?"

"नाही," म्हणालो. "श्रावणात गेली."

ती उठून आत गेली. मला वाटलं संपलं. परत आली ती फडक्यात बांधलेल्या पुड्या घेऊन. एक कंपौंडर बाजाराच्या दिवशी येतो, तो देतो. रुपयाला एक. "सा म्हैनं झालं. अंगावरनं जातंय. मधी दोन म्हैनं थांबलं हुतं, आता पुन्यांदा लई." पाटी उचलताना डोळ्यांपुढे अंधारी येते. मुकादमाला कळलं तर हजेरीवरून नाव जाईल.

"घरात सांग."
"कसं सांगू? तोंडच उघडत न्हाई. त्यो वंगाळ न्हाई वो. पर कसं सांगू?"

तेवढ्यात मुली आल्या. तक्ता तसाच परत आणला.

१५ डिसें., शुक्र.
नियम असा: मिळालेली माहिती गुप्त राहील, घरातल्या दुसऱ्या माणसालाही सांगितली जाणार नाही. तो नियम चांगला आहे. मी नव्या पोरांना शिकवलाय. नवऱ्याला मी परस्पर सांगितलं तर नियम मोडतो आणि तिचा विश्वासही. नाही सांगितलं तर डॉक्टरीणबाईंचं वाक्य त्याला ऐकावं लागेल. सहा महिने आधी आणलं असतं तर. सहा तर आताच झालेत.

दिवसभर डोकं बधिर. खिचडी करपली, खाल्ली.

१६ डिसें., शनि. नगर
दवाखान्यात जाऊन आलो, हिला ठेवलं होतं तिथेच. जिना चढताना काहीतरी वाटेल असं वाटलं होतं. काही वाटलं नाही. डॉक्टरीणबाईंनी ओळखलं नाही. बायकांची तपासणी कधी ते शिपायाला विचारलं. मंगळवार, शुक्रवार, दहा वाजता. केसपेपर किरकोळ पैशात. "कोण आहे तुमचं?" म्हणाला. माझं कोणी नाही म्हणालो, तर त्याने वर पाहिलं.

१९ डिसें., मंगळ. शेवगाव
घर ७ ची बाई खडीच्या ढिगापाशी भेटली, दुपारच्या सुट्टीत. बाकीच्या बायका पलीकडे भाकरी खात होत्या. नगरच्या दवाखान्याचे वार सांगितले. तिने लक्ष देऊन ऐकलं. मग हातोडी मातीत टेकवली.

म्हणाली, "तुमी त्यो कागुद पुन्यांदा भरनार न्हवं?"
"हो."
"अन् वाचून दावनार?"
"दाखवावाच लागतो. गावाचं ठरलंय."
"मग लिवा खरं त्ये. अन् वाचा. म्या चुलीम्होरं बसंन. मला सांगाया येनार न्हाई, पर वाचलेलं ऐकाया यील."

मी म्हणालो, नीट विचार कर. ती म्हणाली, "सा म्हैनं त्योच तर केला."

२० डिसें., बुध.
संध्याकाळी घर ७. घोंगडी टाकली. नवरा कुरकुरला, पुन्हा कशाला, एकदा झालं ना. तपासणीत आलंय म्हणालो. एकेक विचारून पुन्हा भरलं. गुळापाशी ती म्हणाली, "काय न्हाई." नवरा म्हणाला, "अगं, मागं दोन किलो म्हनलीस की." "चुकलं." मी गुळावर आडवी रेघ मारली. पान उलटलं. औषधोपचार, दवाखान्याबाहेरील. लिहिलं.

"वाचा आता," तो म्हणाला.

वाचलं. ज्वारी. मीठ. रॉकेल. काडेपेटी. साबण. मी इतक्या सावकाश वाचत होतो की थोरली मुलगी माझ्याकडे बघून हसायला लागली. प्रवास, नाही. धार्मिक, नाही.

"औषध. चार रुपये."

तो विडी पेटवत होता. काडी धरलेली तशीच राहिली.
"कुनाचं?"

हिच्या वहीतला माझाच प्रश्न. मी पेन्सिलीने विचारून निघून गेलो होतो. हा तिथेच बसून होता. काडी बोटाला लागली तरी हलला नाही.

माझं काम वाचायचं होतं, ते झालं होतं. ती चुलीपुढे, पाठ आमच्याकडे. फुंकणी खाली ठेवल्याचा आवाज आला.

"माजं," ती म्हणाली.

मी कागद गोळा करून बाहेर आलो. सायकलपाशी उभा होतो. आतून आवाज मोठा झाला नाही. ते बरं की वाईट, मला ठरवता येईना. मग तो बाहेर आला. डोक्याला काही नाही, पायात काही नाही. म्हणाला, "साहेब, तुमच्या हापिसाला कळलं, मला न्हाई." मी म्हणालो, माझंही तसंच झालं होतं. त्याला ते कळलं का, ठाऊक नाही. शुक्रवारच्या तपासणीचं सांगितलं. सकाळी सातची एस.टी., शेवगावहून. मीही त्याच गाडीने जाणार आहे म्हणालो. खरं तर मी शनिवारी जातो.

"हप्ता बुडंल," तो म्हणाला. मग म्हणाला, "बघतो." एवढंच.

२१ डिसें., गुरु.
गावात गेलो नाही. जाऊन काय विचारणार? तक्ता पुरा केला. साहेबांसाठी शेरा: 'गूळ रद्द. रक्कम औषधोपचारात वर्ग केली. खात्री केली.' खाली सही. मग हिच्या वहीतलं एक पान आठवलं. शनिवारी घरी गेलो की साबुदाण्यावर रेघ मारून 'औषध' लिहावं असं मनात आलं. आता ते कोण तपासणार? तरी लिहीन.

आज जेवताना घास अडकला. पाणी प्यालो, गेला नाही. बराच वेळ तसाच बसून राहिलो. मग मोठ्याने रडलो, धर्मशाळेचा रखवालदार आत डोकावून गेला. इतक्या दिवसांनी.

२२ डिसें., शुक्र. शेवगाव स्टँड
सहा चाळीस. गाडी लागली आहे. पुढून तिसऱ्या बाकावर दोन जागा धरल्या आहेत. एकीवर पिशवी, एकीवर छत्री. मी पाठीमागे उभा राहून लिहितो आहे.

सहा पंचावन्न. एका म्हाताऱ्या बाईने छत्री उचलून विचारलं, "कुनाची जागा?" येतायत, म्हणालो. नाव काय सांगू? मला घर ७ च्या बाईचं नाव माहीत नाही. तक्त्यात 'कुटुंबप्रमुखाची पत्नी' आहे.

सात पाच. कंडक्टर म्हणतो, मास्तर, किती थांबू? पाच मिनिटं थांबा म्हणालो. गावाकडून सडकेवर एक बैलगाडी येताना दिसते आहे. आत कोण बसलंय ते अजून दिसत नाही.